बाहेरची कडी

अकरा वर्षं खपून नवऱ्याने शेडमध्ये एका माणसापुरतं विमान बांधलं होतं. सीट त्याच्या पाठीच्या, पेडलं पायांच्या मापाची. घोडं अडलं होतं वरच्या पारदर्शक झाकणापाशी. बाहेरून बायकोने अंगभार टाकून दाबलं, तरच आतली कडी बसायची. सकाळपासून सतरा खेपा झाल्या. तिचे खांदे भरून आले होते. "आणखी एकदाच दाब गं." "एरवी माझ्या वजनावरून टोमणे मारता!" कडी बसली. तो दमून हसला. ती कडेकडेने बोटं फिरवत राहिली. "अहो, हे बाहेरून उघडायचं कसं?" "बाहेरून कशाला? आत मीच असणार ना!" "आणि तुम्ही शुद्धीवर नसलात तर?" आतून कडी काढून तो उतरला. तीन महिने घासलेल्या झाकणाकडे बघत त्याने ड्रिल उचललं. "हात कुठवर पोचतो तुझा?" तिने तळवा टेकवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच विमानाला तिचं माप लागलं.