एका चित्रावरून

आमची ही उपग्रहाने टिपलेली हिमनद्यांची चित्रं तपासते. जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून डोंगरावरचा बर्फ कुठे हटला ते शोधायचं, हेच तिचं काम. नखाएवढा बदलही तिच्या नजरेतून सुटत नाही म्हणे.

सोमवारी मी मोठा धीर करून माझी लग्नाआधीपासूनची, आता पांढरीशुभ्र झालेली मिशी काढून टाकली. ही काहीच बोलली नाही. मंगळवारी चहा देताना मुद्दाम तोंड पुढे केलं, तर म्हणाली, "साखर कमी आहे." गुरुवारपर्यंत माझी खात्री पटली, की मी या घरात पुस्तकांच्या कपाटासारखा आहे; असतो, पण दिसत नाही.

शेवटी न राहवून विचारलं, "माझ्यात काही बदल दिसतोय का गं?"

तिने मोबाइल पुढे केला. त्यात माझे झोपेतले चार फोटो होते, सगळे थेट वरून काढलेले.

"अहो, सोमवारीच दिसला. पण एका चित्रावरून आम्ही बदल जाहीर करत नाही. नुसती सावलीही असू शकते."

"मग आता?"

"बर्फ पूर्ण हटलाय. खाली एक तीळ सापडलाय," ती म्हणाली. मग चष्मा काढून जवळ सरकत पुढे म्हणाली,

"आता प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करावी लागेल."