सयाजीचा नवस

"सयाजी भोईटे!"

खिडकीतनं हाक आली आणि सयाजीचे पाय फरशीला चिकटले. पाठीवर गोणी घेऊन पळणारा गडी हा, पण दवाखान्याच्या बाकड्यावरनं उठायला त्याला भिंत धरावी लागली. पाय अनवाणी. टाचांना भेगा अशा, की काडेपेटीतली काडी उभी राहील.

सगळं त्या भगवान ड्रायव्हरपायी झालं. म्हणजे, चालत सयाजीच गेला होता म्हणा. फेब्रुवारीतली गोष्ट. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात भगवानची गाडी खाली झाली आणि तो म्हणला, चल, मजा करू. हायवेच्या कडेला एक लॉज. दोन पेग, एक बाई, पंधरा मिनिटं. भगवाननं सयाजीच्या खिशात निरोधचं पाकीट कोंबलं होतं, त्यातला एक सयाजीनं वापरला. बाहेर आला तर समोरच्या भिंतीवर ही एवढाली अक्षरं : एड्सवर औषध नाही.

मजा तिथंच उतरली.

त्या काळात एड्सचं नाव काढलं तरी माणसं लांब सरकायची. हमालांच्या टोळीतला मारोती तर म्हणायचा, एका फडक्यानं घाम पुसला तरी होतोय. खोटं होतं ते. पण भ्यायला खरं लागतंय कुठं?

घणसोली गावात सयाजीची भाड्याची खोली. त्या रात्री तो परतला तेव्हा आत राहीबाई भाकरी थापत होती. चार वर्षं साताऱ्याकडं वाट बघून दिवाळीत नांदायला आलेली बायको. सयाजीनं तिच्याकडं बघितलं नाही. वाकळ उचलली आणि बाहेर ओट्यावर टाकली.

"नवस बोललोय भैरोबाला. येगळं झोपायचं."

"अवं, किती दिस?"

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखाना गाठला. सिस्टर बरी होती. म्हणली, "निरोध वापरलात ना? फाटला नाही ना? मग धोका फार कमी. तरी खात्री हवी तर तीन महिन्यांनी रक्त तपासू." यातलं सयाजीला फक्त तीन महिने ऐकू आलं.

संध्याकाळी त्यानं राहीबाईला सांगितलं, "तीन म्हयने."

राहीबाई दोरीवरचे कपडे काढत होती. त्याची विजार ओढून तिची घडी घातली. मग म्हणली, "बरं. पर नवस असा अर्धामुर्धा नसतोय. चपला सोडा. तंबाखू बंद. मटान न्हाय. सोमवारी निरंकार उपास."

"अगं, देवानं एवढं मागितलंच न्हाई!"

"देव भोळा असतोय. आपुन हुशारी करू नये."

झालं. बायको नवसाची राखणदार झाली. तंबाखूची पुडी तिनं चुलीत घातली. सोमवारी घोटभर चहा मागितला तर म्हणली, भैरोबा बघतोय. बाहेर खाडीवरचे डास सयाजीला उचलून न्यायचे. घरमालकीण शेवंताबाई पहाटे पाणी भरताना खिदळायची, "काय रं सयाजी, बायकोनी भायेर काडलाय का तुला?"

मे महिना आला. डांबर तापलं. सयाजी अनवाणी पायांनी गोण्या वाहत होता आणि रोज मालाच्या काट्यावर उभा राहत होता. मारोतीनं सांगितलं होतं, एड्सवाला माणूस आधी झडतो. एक किलो उतरलं. मग दोन. मग चार. सयाजीची झोप उडाली. उपास, मटण बंद, त्यात दिवसभर हमाली, वजन उतरणार नाही तर काय चढंल? पण हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्यानं धाकट्या भावाला कार्ड टाकलं, वैनीला अंतर देऊ नको.

तीन महिने भरले तसं त्यानं रक्त दिलं. आणि आज खिडकीतनं हाक आली.

त्यानं कागद घेतला नाही. डोळे मिटून म्हणला, "शिस्टर, तुमीच वाचा."

"काही नाही झालेलं. एकदम साफ आहे."

"पुन्यांदा वाचा."

तिनं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं, बिचारीनं. सयाजीनं खिडकीच्या कठड्यावर डोकं टेकलं आणि भर दवाखान्यात हंबरडा फोडला. रांगेतली माणसं हळहळली, म्हणली, गेला बिचारा. तेवढ्यात हा गडी हसत सुटला.

घणसोलीत शिरला तो हातात मटणाची पिशवी नाचवत. शेवंताबाईला ओरडून सांगितलं, "मावशे, नवस फिटला!" पोरं मागं पळाली. दारात मात्र पाय अडखळला. राहीबाई समोर उभी. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि खोटं बोलायचं बळच सरलं.

"राहे, नवस न्हवता."

"म्हाईत हाय."

"आं?"

"दुसऱ्याच दिशी विजार धुताना खिशात पाकीट घावलं. तिनातला एक न्हवता. गेले दवाखान्यात. तुमचं नाव काडलं न्हाय. इचारलं, येखादा गडी असं करून आला तर? शिस्टर म्हनली, पाकीट वापरलंय न्हवं, मग भ्यायासारखं फार काय न्हाय."

सयाजी मटकन ओट्यावर बसला. "पहिल्या दिवसापास्नं ठावं हुतं? आन् मला त्या डांबरावर भाजलंस? मी चार किलो झडलो, राहे! मराया टेकलो हुतो भ्यानं!"

"चपला, तंबाखू, उपास, ती माजी शिक्षा हुती. ती भोगून झाली." राहीबाईनं त्याच्या हातातनं मटणाची पिशवी घेतली. तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "पर त्या राती, तसलं करून, काय बी न बोलता माज्या शेजारी येऊन झोपला असतासा, तर सकाळच्या साताऱ्याच्या गाडीत मी बसले असते."