कोमट पाणी

"अहो, मला कशाला बसवता? लोक काय म्हणतील?" एस्तेरबाई कुजबुजल्या. पण पवित्र गुरुवारी, येशूने बारा शिष्यांचे धुतले तसे, पाळकांनी चर्चच्या मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे असतात, आणि एक खुर्ची रिकामी होती. शांतवन पाळकांनी बायकोलाच तिथे बसवलं.

शरीर ही देवाची ठेव आहे, तिची हेळसांड करू नका, असं ते नुकतंच उपदेशात बोलले होते. मंडळीतल्या प्रत्येक आजाऱ्याच्या घरी एस्तेरबाई त्यांच्यासोबत जायच्या. स्वतःची वाढलेली शुगर तपासायला मात्र वेळ नसायचा. "ईस्टर होऊ द्या," त्या म्हणायच्या, आणि तेही बरं म्हणायचे.

मंडळी गीत गाऊ लागली. एस्तेरबाईंनी संकोचून डोळे मिटले. पाळकांनी त्यांचं पाऊल परातीत धरलं, तांब्यातलं कोमट पाणी ओतलं. पाऊल जरा उचललं आणि ते थबकले. तळव्याला काळी, खोल जखम होती.

"हे कधी झालं?"

"काय?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "पाणी घाला ना आता, लोक खोळंबलेत."

पाळकांच्या हातातला तांब्या केव्हाच रिकामा झाला होता.