स्वभावाने लॉगिन

विकीवर मुडदुशे या माशाच्या पानाखाली मृणालच्या आईच्या ‘कुमुदिनी’ या खात्यातून ताजं उत्तर आलं होतं: ‘आपलंच बरोबर. पानाचं नाव नगली करू या.’ आईला जाऊन दोन महिने झाले होते, आणि त्याच माशाचं नगली हे दुसरं नाव नको, मालवणातलं मुडदुशेच राहावं म्हणून ती शेवटपर्यंत भांडली होती.

मृणालने विकीच्या मदतकक्षाला फोन लावला. “आईच्या नावाने लिहितंय कोण?”

“त्यांचा स्वभाव, ताई,” यंत्र गोड आवाजात म्हणालं. “लॉगिनचे तीन मार्ग आहेत: बोट, आवाज आणि स्वभाव. पहिले दोन वापरात नाहीत, म्हणून स्वभावाची नक्कल खातं चालवते. नियमांत बसावा म्हणून तो थोडा सौम्य केलाय.”

“मग तो तिचा कसला? काढा तो मार्ग.”

“खातेदारानेच बोट किंवा आवाज देऊन सांगायला हवं. आपण शांत व्हा.”

मृणालचं डोकं फिरलं. “मेल्या, माका गप रव म्हणतस? आमच्या माशाचा नाव बदलूक तू कोण?”

पलीकडे टिंग वाजलं.

“आवाज जुळला. स्वागत आहे, कुमुदिनीताई. कोणता मार्ग काढायचा?”

मृणालचे डोळे भरले, पण आवाज तिने उतरू दिला नाही.

“तिसरो. आणि नाव होता तसाच ठेव. आताच्या आता.”