चौथीचे कोट

सोलतोबायने शाळेचा बॉयलर विझवला तो मुद्दाम.

शाळा गरम ठेवणारा तो बॉयलर त्याच्यापेक्षाही म्हातारा, आणि तो पेटता ठेवणं हीच त्याची नोकरी. कधी मोडक्या ट्रॅक्टरचा पत्रा ठोकून, कधी नळांना घरचा लोकरीचा नमदा गुंडाळून त्याने तो अकरा हिवाळे धगता ठेवला होता. नवा मागायला हेडमास्तर जुमाकादिर यांच्याकडे सात अर्ज केले. दर वेळी उत्तर तेच: चालतोय ना? मग कशाला? आणि खर्च व्हायचा तो दर्शनी भिंतीच्या निळ्या रंगावर. यंदा तर फाटकावर सिमेंटचा गरुडही येऊन बसला होता.

आज जिल्ह्याहून तपासनीस बाई यायच्या होत्या. त्यांचाच हात गार रेडिएटरला लागू दे, असं सोलतोबायने ठरवलं. चौथीच्या बाई गुलसुन एजे, म्हणजे गुलसुनताई, यांच्या कानावर तेवढं घातलं. त्या म्हणाल्या, एक सकाळ पोरं काढतील, कोट घालून बसवते.

पण बाहेर बर्फ पडलेलं, आणि हेडमास्तरांना आपल्या खोलीतच हुडहुडी भरली. त्यांनी सोलतोबायला चौथीच्या दारासमोर गाठलं आणि फैलावर घेतलं.

"आज शेरा वाईट पडला ना, तर उद्यापासून मेंढ्या राखायला जायचं. कळलं?"

 आता बॉयलर पुन्हा पेटवायला वेळही नव्हता, जिल्ह्याची गाडी फाटकातून आत वळली होती. हेडमास्तर टोपी सावरत धावले. वर्गाच्या दाराला बोटभर फट होती, ती बुजवायलाही दोन वर्षं कुणाला सवड झाली नव्हती. आत शब्दन् शब्द ऐकू गेला.

थोड्या वेळाने तपासनीस बाई चौथीत शिरल्या. त्यांच्यामागे हेडमास्तर, आणि दाराशी सोलतोबाय, पोरांचा ‘आके’, म्हणजे दादा.  एकाही पोराच्या अंगात कोट नव्हता. अठ्ठावीस पोरं नुसत्या सदऱ्यांवर ताठ बसली होती आणि कोट बाकांखाली कोंबले होते. गुलसुन एजेंनीसुद्धा शाल काढून खुर्चीवर टाकली होती.

बाईंनी रेडिएटरला हात लावला आणि लगेच मागे घेतला. मुलांना विचारलं, "थंडी नाही का वाजत तुम्हाला?"

"नाही बाई," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. "सोलतोबाय आके शाळा खूप गरम ठेवतात."

शब्दांबरोबर अठ्ठावीस तोंडांतून पांढरी वाफ निघाली.

हेडमास्तरांचा चेहरा खुलला. लहान मुलं कधी खोटं बोलत नाहीत, असं ते बाईंना सांगू लागले.

सोलतोबायला हसावं की रडावं कळेना. सात अर्जांनी झालं नाही ते आज व्हायची वेळ आली, आणि या कारट्यांनी त्यावर पाणी फिरवलं. पण राग काही येईना. आपण यांच्यासाठी कोळसा ओढला, तो तर पगाराचा. आपल्यासाठी ही कुडकुडतायत ती कशापायी? त्याला अगदी भरून आलं. अकरा हिवाळ्यांचं सगळं एका सकाळीत पदरात पडलं होतं.

बाई त्या वाफेकडे बघत होत्या. मग त्या सोलतोबायकडे वळल्या.

"नव्या बॉयलरसाठी अर्ज केला होता का कधी?"

"सात केले."

"आठवा मी लिहिते," बाई म्हणाल्या, आणि टेबलाशी जाऊन हातमोजे न काढताच लिहायला लागल्या. हेडमास्तर भिंतीच्या रंगाचं काहीतरी सांगायला गेले, ते त्यांनी ऐकलं नाही.

सोलतोबाय पहिल्या बाकापाशी आला. तिथे बसलेली आक्मोर वर्गात सगळ्यांत लहान, तिचे ओठ पार काळेनिळे पडले होते. त्याने बाकाखालचा कोट ओढून तिच्या खांद्यावर टाकला.

"घाल बाळ. झालं आपलं काम."

आक्मोरने तो हळूच खाली सरकवला आणि बाईंवरची नजर न काढता कुजबुजली, "थांबा ना आके. त्या अजून गेल्या नाहीत."