विरूपाक्षअण्णांचं मौन

“चाळीस मिनटं हायत काकू, आन् तुमचं गेट पार लंकेत,” चाकाची खुर्ची ढकलत महारुद्र म्हणाला. “पयलं विमानच उशिरा आलं, त्याला तुमी तरी काय करणार!”

शांतम्मा लुगडं आवरत मागनं पळत होती. पायात लेकीनं घेऊन दिलेले पांढरे बूट, खांद्याला दोन पिशव्या. लेक धनश्री लंडनला. तिच्याकडं सहा महिने राहून दोघं नवरा-बायको परत निघाली होती, आणि इथं वाळवंटात विमान बदलायचं होतं. मघाशी विमान टेकल्या टेकल्या शांतम्मा फोनवर गावाकडं, सोनपेठला बोलली, तेव्हापासून ती पळतच होती.

खुर्चीत विरूपाक्षअण्णा ताठ बसलेले. कानटोपी, काळा चष्मा, हनुवटीपर्यंत शाल.

विमानतळ कसलं, अख्ख्या परभणीवर काचेचं छप्पर घालून आत पुन्हा रेल्वे सोडलेली. त्या गर्दीत खुर्ची ढकलणारा गडी नेमका परभणीकडचाच, चुडाव्याचा निघावा, ही महादेवाचीच कृपा.

“काका कामून बोलंनात?”

“सोमवार हाय न्हवं? मौन असतंय यांचं.”

“लय कडक हायत की. आन् एवढी घाई कशापायी? हे हुकलं तर उद्या सकाळी हाय दुसरं हैदराबादचं.”

“उद्या चालायचं न्हाई, लेकरा.” शांतम्माला धाप लागली होती. “गावाकडं माती हाय. आमचे धाकटे दीर, सोमेश्वर... शेतात खड्डा खांदायलेत. हैदराबादला गाडी उभी हाय.”

महारुद्रानं पायाला वेग दिला. थोडं अंतर गेल्यावर म्हणाला, “तुमच्या लिंगायतात बसवून देतात न्हवं माती?”

“बसवून. हातावर लिंग ठिवून. आईबापाच्या शेजारी.”

“नशीब लागतं. आमच्या खोलीवर जिंतूरचा एक जण होता. इथंच गेला. अठरा दिवस बर्फात आडवा, कागदं होईस्तोवर.”

शांतम्मानं अण्णांची शाल पुन्हा नीट खोचली.

तपासणीच्या जागी यंत्र अण्णांच्या छातीवर आलं आणि कोकललं. शिपायानं शाल जराशी सरकवली, गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं बोट दाखवलं. काढा.

“लिंग हाय ते,” शांतम्मा म्हणाली. “जीव हाय तवर काढायचं नसतंय.” शेवटाला तिचा आवाज चिरकला.

शिपायानं डबी सोडली आणि अण्णांना हात वर करायची खूण केली. अण्णा ढिम्म. त्यानं दुसऱ्यांदा जरा आवाज चढवून सांगितलं. मागं रांग खोळंबली.

“लकवा है साब,” महारुद्रानं मध्येच ठोकून दिलं. “दोनो हाथ गये.”

शिपायानं रांगेकडं बघितलं, सुस्कारा सोडला आणि जा म्हणाला.

शांतम्मानं महारुद्राकडं पाहिलं. लकव्याचं ती त्याला काहीच बोलली नव्हती. तो मात्र समोर बघत खुर्ची पळवत होता.

मग लिफ्ट, मग रेल्वे, मग पुन्हा लिफ्ट. “अवो, धरून बसा बरं का!” वळणावळणाला शांतम्मा चारचौघांना ऐकू जाईल अशी म्हणायची. आणि एका हातानं अण्णांचा खांदा मागनं दाबून धरायची.

गेटवरची पोरगी दोरी लावायलाच निघाली होती. खुर्ची बघून थांबली. तिनं पासपोर्ट बघितले, झोपलेल्या म्हाताऱ्याकडं बघून हसली आणि वाट सोडली.

बोगद्याच्या टोकाला, विमानाच्या तोंडाशी महारुद्र थांबला. खाली वाकून त्यानं अण्णांच्या पायांना हात लावला. लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

“काकू,” उठताना तो हळूच म्हणाला, “आतल्या लोकास्नी सांगितलंय. बसल्या जागचं उचलून खिडकीपाशी ठिवतील. जेवायला कुणी उठवायचं न्हाई.”

शांतम्मानं त्याच्या गालावरनं हात फिरवला. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. घाईघाईत तिनं कुठलं बटण दाबलं कोण जाणे, आवाज सगळ्या बोगद्यात घुमला.

“वैनी, सोमेश्वर बोलायलोय. खड्डा झाला. अण्णा बसलेलेच हायत न्हवं?”