हर्णै बंदरावरची नाडी

"पावसे, पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही. विचारलं तरच बोलायचं, आणि तेही बेतानं," घाटपांडेसर दबक्या आवाजात म्हणाले.

"होय सर," राही पावसे म्हणाली आणि यंत्राच्या वायरी नीट लावत बसली.

एवढ्यावर सरांचं समाधान व्हायला हवं होतं. पण कसलं काय! सकाळपासून ते तिला हेच चौथ्यांदा बजावत होते.

रत्नागिरीच्या त्या कॉलेजात संशोधन मेळावा भरला होता. एका वर्गात पुलाची प्रतिकृती, दुसऱ्यात नवाकोरा कॉम्प्युटर. तो बघायला लोक बाहेर चपला काढून देवदर्शनासारखे रांगेत उभे होते. व्हरांड्यात कलामंडळाच्या पोरांनी माणसाच्या शरीराची चित्रं लावली होती, त्यातलं हृदय चांगलं भोपळ्याएवढं. पण सगळ्यांत जास्त बोलबाला होता तो पदार्थविज्ञानाच्या दालनातल्या नाडीयंत्राचा. दिव्यासमोर बोट धरायचं, की नाडीचे ठोके आकड्यांत दिसायचे. शेजारी निबंध ठेवला होता: समुद्रावरून परतलेल्या खलाशांची नाडी आणि त्यांचा थकवा. खाली ठळक अक्षरांत नाव, प्रा. आत्माराम घाटपांडे.

आता खरं काय ते सांगून टाकू. यंत्र राहीनं बनवलं होतं. खलाशांचे आकडे तिनं आणले होते, गणितं तिनं कॉम्प्युटरवर केली होती आणि निबंधही तिनंच लिहिला होता. सरांनी त्यातलं भौतिकशास्त्र बारकाईनं तपासलं, एकही चूक सापडली नाही, तेव्हा खुशाल स्वतःचं नाव घातलं. मार्गदर्शन म्हणजे तरी दुसरं काय असतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. आदल्या वर्षी रघू नावाच्या विद्यार्थ्याचं काम असंच सरांच्या नावावर छापून आलं. रघू तावातावानं भांडला. मग प्रॅक्टिकलला त्याचे मार्क घसरले, आणि पोरगा कॉलेज सोडून लाँचवर खलाशी म्हणून गेला. तो राहीच्याच वाडीतला, हर्णैचा. राहीचा बाप तिथला जुना तांडेल, होडीवरचा मुख्य माणूस.

म्हणून तर सरांना धास्ती होती. राही भांडली असती तर परवडलं असतं. पण नावाचं सांगितल्यावर ती हसून म्हणाली होती, "घाला की सर. तुमच्या नावाला वजन आहे." ते हसणं त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. आज मुंबईहून येणाऱ्या पाहुण्या डॉक्टरांनी निबंधाची शिफारस केली, की पुण्याच्या कॉलेजातलं विभागप्रमुखपद हातात आल्यासारखंच होतं. इथल्या दमट हवेतून आणि मासळीच्या वासातून कायमची सुटका! समुद्राकडे तर त्यांनी दोन वर्षांत धड पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि ही पोरगी चारचौघांत एक वाक्य बोलली, तर सगळंच मुसळ केरात.

प्राचार्यांसोबत डॉक्टर भाटकर आले. उंच, शांत माणूस. त्यांनी यंत्रात बोट धरलं. आकडे उमटले.

"वा! झकास आहे हो," ते म्हणाले. मग निबंध उचलून त्यांनी बराच वेळ चाळला. "मोजणी हर्णै बंदरावर केलीत?"

"हो. जुलै महिन्यात," राहीनं निबंधात लिहिलं होतं तसं सर म्हणाले.

"तुम्ही स्वतः?"

सरांनी राहीकडे चोरून पाहिलं. ती खाली मान घालून उभी होती.

"स्वतः," सर म्हणाले आणि एकदा बोलल्यावर त्यांना सुरसुरीच आली. "भर पावसात हो! छत्री उलटी होतेय, अंग चिंब भिजलेलं. होड्या किनाऱ्याला लागल्या रे लागल्या, की खलाशांना बाजूला घ्यायचं आणि नाडी मोजायची. बिचारे थकून गेलेले असायचे. पण संशोधन म्हटलं की कष्ट आलेच."

"होड्या येताना तुम्ही डोळ्यांनी पाहिल्यात?"

"म्हणजे काय! रोज."

डॉक्टर राहीकडे वळले. "आणि बाळ, तू काय केलंस यात?"

आता गेलं, सगळं गेलं.

"मी नुसती जोडणी केली," राही स्पष्ट आवाजात म्हणाली. "आकडे सरांचे, निबंध सरांचा. बंदरावर मी नव्हते. सगळं काम सरांचंच आहे."

दालनातल्या साऱ्यांनी ऐकलं. प्राचार्यांनी कौतुकानं मान डोलावली. सरांचा तर ऊर भरून आला. किती गुणी पोर! आणि आपण उगाच तिच्याबद्दल नाही नाही ते मनात आणलं. थोडी लाजही वाटली त्यांना. पुढच्या निबंधात हिचं नाव घालायचं, शेवटी, बारीक टाइपात का होईना, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"एकदा लेखी द्याल का, हे सगळं तुमचंच म्हणून?" डॉक्टरांनी विचारलं. "शिफारशीसोबत नियमानं लागतं."

"आनंदानं!" सर म्हणाले आणि त्यांनी प्राचार्यांच्या देखत झोकदार सही ठोकली.

डॉक्टरांनी तो कागद प्राचार्यांच्या हातात दिला. चष्मा काढला. आवाज चढवला नाही.

"सर, मी मुंबईत राहतो, पण जन्माचा इथल्याच मिऱ्या बंदरावरचा. जुलैत मासेमारी बंद असते, हर्णैची एकही होडी पाण्यात नसते. नारळी पौर्णिमेपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात."

सरांनी झटकन राहीकडे पाहिलं. तिनं पहिल्यांदाच मान वर केली होती.

"हा निबंध तुम्ही त्या मुलीकडून लिहून घेतला असता, तरी बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाले. "हर्णैचं शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही."